हाड जुळलं, पण टाच टेकवत नाही

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

आम्ही राजापूर तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आंबे काढताना हे कलमावरून पडले, ते थेट डाव्या टाचेवर. तेव्हा वय ४४. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून प्लास्टर घातलं. अडीच महिन्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा 'हाड छान जुळलंय' म्हणाले. पण चालणं काही सुधारलं नाही. सपाटीवर कसेबसे चालतात. पाखाडी उतरायची म्हटली की गडग्याला धरून एकेक पायरी उतरतात. कातळावर तर जातच नाहीत. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली दुखतं. टाच रुंद झाली आहे, जुना बूट चढत नाही. डाव्या पायातली चप्पल बाहेरच्या कडेने चार महिन्यांत झिजते. उकिडवं बसता येत नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरला दाखवलं. 'टाच वाकडी जुळली आहे, ऑपरेशन करून सांधा लॉक करावा लागेल' असं तिथले डॉक्टर म्हणाले. लॉक हा शब्द ऐकला आणि ह्यांनी तिथेच नाही म्हणून सांगितलं. हाड जुळलंय तर दुखतं का? सांधा बंद केल्यावर माणूस चालणार कसा? आता उशीर झाला आहे का? पुन्हा कलमावर चढता येईल का? शेजारचे हाडवैद्याकडे तेलाने मालिश करायला सांगतात. मला मात्र सारखं वाटतं, तेव्हाच मुंबईला नेलं असतं तर ही वेळ आली नसती.

— एक वाचक भगिनी

ताई,

तुमच्या पत्रातली चपलेची ओळ मी दोनदा वाचली. त्या एका ओळीत जे आहे ते पुष्कळदा रिपोर्टच्या पाकिटातही नसतं. पण तिच्याकडे वळण्याआधी पत्रातलं शेवटचं वाक्य घेतो. ते मनात घेऊन तुम्ही दोन वर्षं काढलीत, असं दिसतं.

मुंबईला नेलं असतं तर टाच नक्की सुधारली असती, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोडलेल्या टाचेवर लगेच ऑपरेशन करावं की प्लास्टरवर भागवावं, हा वाद आमच्या शाखेत कित्येक दशकं चालू आहे. ब्रिटनमधल्या २२ रुग्णालयांनी १५१ रुग्णांवर केलेली एक मोठी चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी पाहिलं तर ऑपरेशन केलेल्यांत आणि न केलेल्यांत वेदनेचा आणि चालण्याचा फारसा फरक नव्हता. जखम चिघळण्यासारखा त्रास मात्र ऑपरेशन झालेल्यांना जास्त झाला. टाच फारच वेडीवाकडी झालेले लोक त्या चाचणीत घेतले नव्हते, त्यामुळे तुमच्या यजमानांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्लास्टर घालणारे डॉक्टर चुकले किंवा तुम्ही कमी पडलात, असा अर्थ यातून निघत नाही. तो विचार आता सोडून द्या. पुढचं ठरवायला डोकं मोकळं हवं.

आता तुमचा पहिला प्रश्न. हाड जुळलं तरी दुखतं का?

टाचेचं हाड बाहेरून पातळ कवचाचं आणि आतून घावनाला पडते तशा जाळीचं असतं. त्याच्या डोक्यावर घोट्याचं हाड बसलेलं असतं. माणूस उंचावरून टाचेवर आदळला की हे वरचं हाड खालच्या हाडात घुसतं, लाकूड फोडताना पाचर मारावी तसं. मग टाचेची उंची बसते, बाहेरची भिंत फुगते आणि मागचा भाग बहुधा आतल्या बाजूला झुकतो. या दोन हाडांमधल्या सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभागही बहुतेक वेळा तडकतो. प्लास्टर हे सगळं आहे त्या जागी धरून ठेवतं. बसलेली उंची ते वर उचलत नाही. म्हणून 'हाड जुळलं' हे खरं आहे आणि 'टाच वाकडी जुळली' हेही खरं आहे. दोन्ही डॉक्टर खरं तेच बोलले.

तुम्ही लिहिलेली एकेक तक्रार या आकारातूनच येते. टाच आत झुकली की अंगाचं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडतं, म्हणून चप्पल तिथेच झिजते. बाहेरची भिंत फुगली की बूट चढत नाही. शिवाय ती भिंत घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला घासते आणि मधून जाणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, चिमटतात. उंची बसली की वरचं हाड आडवं होतं आणि पाऊल वर वाकवताना पुढे अडकतं. उकिडवं बसायला पाऊल चांगलंच वर वाकावं लागतं, तेच होत नाही. शौचालय जुन्या पद्धतीचं असेल तर रोज सकाळी त्यांचे किती हाल होत असतील, याची मला कल्पना आहे. पुरुष हे सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

आणि पाखाडी. सपाटीवर चालताना घोटा वर-खाली होतो, तेवढ्यावर निभावतं. खडबडीत चिऱ्यांवर, उतरत्या वाटेवर तळवा कधी आत, कधी बाहेर वळावा लागतो. हे वळणं होतं घोट्याखालच्या त्या दुसऱ्या सांध्यात, ज्याला आम्ही सबटॅलर सांधा म्हणतो. तोच बिघडला आहे. सपाटीवर बरा आणि पाखाडीवर बेजार, असा माणूस आला की माझं लक्ष आधी त्या सांध्याकडे जातं.

आता तो लॉक हा शब्द. तुमच्या यजमानांची जागा घेतली तर मीही घाबरलो असतो. लॉक म्हटलं की अख्खा पाय लाकडासारखा होईल असं वाटतं. तसं नाही. पाऊल वर-खाली करणारा वरचा सांधा, ज्याला आपण घोटा म्हणतो, तो मोकळाच राहतो. कायमचा जुळवायचा असतो तो खालचा, घासून गेलेला सांधा. त्यात आता हालचाल उरली असेल तर थोडीच, आणि आहे ती प्रत्येक पावलाला दुखते. ती दुखणारी हालचाल द्यायची आणि न दुखणारं पाऊल घ्यायचं, असा हा सौदा आहे. ज्याचा खालचा सांधा नीट जुळला आहे असा माणूस सपाट रस्त्यावर चालताना पाहिला तर अनोळखी माणसाच्या सहसा लक्षातही येत नाही. परांचीवरून पडलेला एक गवंडी माझ्याकडे होता. ऑपरेशननंतर दीड वर्षाने आला आणि म्हणाला, 'आता रात्री पाय आठवत नाही.' याहून चांगला रिपोर्ट मी वाचलेला नाही.

पण पूर्वीचा पाय परत मिळणार नाही, हे त्यांना आजच सांगा. पाखाडीवर जपूनच पाय टाकावा लागेल. वळायचं काम पुढचे सांधे थोडंफार उचलतात, आणि तो जादा भार घेऊन पुढे काही वर्षांनी तेही कुरकुरू शकतात. उकिडवं बसणं किती सुधारेल हे उंची किती परत मिळते यावर आहे. मांडी घालणं मुख्यतः खुब्याचं आणि गुडघ्याचं काम आहे, तिथे फारशी अडचण येऊ नये.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा: 'नुसता सांधा लॉक करणार, की टाच सरळही करणार?' माझ्या मते सगळ्या पत्राचं मर्म इथे आहे. आत झुकलेली टाच तशीच ठेवून सांधा जुळवला, तर ते वाकडेपण जन्मभरासाठी पक्कं होतं. सांध्याचं दुखणं जाईल, पण चप्पल बाहेरूनच झिजत राहील आणि कडेवर घट्टे पडतील.

वाकड्या जुळलेल्या टाचांचे स्टीफन्स आणि सँडर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९६ साली तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरले जातात. पहिल्यात नुसती बाहेरची भिंत फुगलेली असते, सांधा जवळजवळ चांगला असतो. तिथे फुगवटा तासून कंडरा मोकळ्या केल्या की पुरतं, सांध्याला हात लावावा लागत नाही. दुसऱ्यात सांधाही घासलेला असतो, म्हणून तासणं आणि सांधा जुळवणं दोन्ही. तिसऱ्यात या सगळ्यावर टाच १० अंशांहून जास्त आत झुकलेली असते. मग टाचेचं हाड कापून, सरकवून सरळ करावं लागतं. उंची फारच बसली असेल तर कमरेच्या हाडातून एक ठोकळा काढून सांध्याच्या फटीत बसवतात, म्हणजे आडवं झालेलं वरचं हाड पुन्हा उठतं. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या डॉ. कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. शेवटी टाचेतून वर जाणारे एक-दोन जाड स्क्रू घालून सगळं घट्ट करतात.

तुमच्या यजमानांचा प्रकार पत्रावरून ठरवणं बरोबर नाही. चप्पल तिसऱ्याकडे बोट दाखवते. पण त्यासाठी उभं राहून काढलेले एक्स-रे लागतात. झोपवून काढलेल्या एक्स-रेत वजन पडलेलं नसतं, त्यात टाचेचं झुकणं नीट कळत नाही. दोन्ही पावलांचे आणि घोट्यांचे बाजूने, शिवाय टाचेचा मागून, असे फोटो हवेत. बाजूच्या फोटोत बोलर कोन मोजतात. व्हिएन्नाच्या लोरेन्झ बोलर यांनी तो १९३१ साली सांगितला. चांगल्या टाचेत तो साधारण २० ते ४० अंश असतो. टाच बसली की तो कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. उजव्या पायाशी तुलना केली की किती गमावलं ते कळतं. सीटी स्कॅन तर लागेलच.

एवढं सगळं काढूनही दुखतं नक्की कुठे, हे फोटोत दिसत नाही. घोट्याबाहेरचं दुखणं सांध्यातून आलेलं असू शकतं आणि चिमटलेल्या कंडरांचंही. दोन्हींची जागा जवळपास एकच. म्हणून एक साधी तपासणी मला फार मोलाची वाटते. एक्स-रेवर बघत त्या सांध्यात बधिर करणारं थोडं औषध सोडायचं आणि रुग्णाला रुग्णालयाच्या जिन्यावरून चढ-उतार करायला लावायचं. त्या तास-दोन तासांत वेदना बरीचशी गेली, तर गुन्हेगार सांधाच आहे आणि तो जुळवून फायदा होण्याची शक्यता चांगली. वेदना तशीच राहिली तर थांबायचं, दुसरीकडे शोधायचं. हे इंजेक्शन अजून झालं नसेल तर मागून घ्या. यात तुमच्या यजमानांचाही फायदा आहे: सांध्याची वेदना गेल्यावर चालणं कसं वाटेल, हे ते स्वतःच्या पायाने तासभर अनुभवतील. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

काही वेदनांना ऑपरेशन उत्तर नाही, हेही ऐकून ठेवा. टाचेच्या अगदी तळाशी, मऊ गादीत दुखत असेल तर ती गादी पडतानाच चिरडलेली असते. तिला पूर्वीसारखी करणारं ऑपरेशन नाही, मऊ तळव्याचे बूटच तिला सांभाळतात. बाहेरच्या कडेला जळजळ, मुंग्या असतील तर नस अडकलेली असू शकते. कंबर दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टाचेवर पडलेल्या माणसाचा मणकाही कधीकधी दबतो, आणि टाचेच्या गडबडीत तो राहून जातो.

उशीर झाला का? ताज्या मोडीचं ऑपरेशन दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं, नंतर हाड जुळू लागतं. वाकडी जुळलेली टाच सुधारायला तशी मुदत नसते. दोन वर्षांनी होतं, दहा वर्षांनीही होतं. मात्र दुखरा सांधा दरवर्षी थोडा आणखी झिजतो आणि लंगडं चालून दुसरा गुडघा, कंबर शिणते. घाई नको, पण आणखी पाच वर्षं सहन करण्यातही काही पुरुषार्थ नाही.

ऑपरेशन ठरण्याआधी तीन महिने हे करून बघा. मऊ, जाड तळव्याचे, टाचेला रुंद आणि घोट्यापर्यंत येणारे बूट घ्यायचे. तळवा पुढे जरा वर वळलेला असेल तर पाऊल टाकणं सोपं जातं. काठी उजव्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला काठी धरलेले पुष्कळ लोक मी पाहतो, तिचा आधार उलट बाजूलाच मिळतो. फिजिओथेरपिस्टकडून पोटरी मोकळी करण्याचे व्यायाम शिकावेत. एवढ्याने दिवस बरा जाऊ लागला तर ऑपरेशनची गरज नाही, मी स्वतः करणार नाही. पोटरीला तेल लावून हलकं चोळलं तर बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. पण जुळलेल्या हाडाचा आकार मालिशने बदलत नाही, आणि कुणी पाय ओढून-पिळून 'बसवतो' म्हणालं तर हात लावू देऊ नका.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो. ते तंबाखू खातात का? विडी ओढतात का? मधुमेह आहे का? सांधा जुळवणं म्हणजे दोन हाडं एकमेकांत उगवावी लागतात, आणि त्यासाठी लागणारा रक्तपुरवठा निकोटिन आवळून टाकतं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या १८४ ऑपरेशनांच्या एका अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्यांत ९२ टक्के सांधे जुळले, करणाऱ्यांत ७३ टक्के. तो अभ्यास ओढणाऱ्यांचा होता, पण चुना-तंबाखूत आणि मिश्रीतही निकोटिनच असतं. शिवाय टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी पातळ, जखम तिथे हट्टी असते, आणि उंची वाढवली की ती आणखी ताणली जाते. म्हणून मी माझ्या रुग्णांना स्पष्ट सांगतो: आधी सहा आठवडे तंबाखू बंद, मग तारीख. काही जण रागावून गेले. बरेचसे परत आले, पुडी सोडून. साखर वाढलेली असेल तर तीही आधी आटोक्यात आणा.

इतर धोकेही माहीत असू द्या. जखमेत पू होऊ शकतो, पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहू शकतो, सांधा न जुळल्याने पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, स्क्रूचं डोकं टाचेला टोचलं तर पुढे ते काढावं लागतं. वेदना बहुतेकांची कमी होते, सगळ्यांची पूर्ण जात नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं तर गणपती होऊ द्या, भात घरात येऊ द्या. पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर कुबड्या घेऊन उतरणं मला अजिबात नको आहे. पहिले सहा ते आठ आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नसतं, अगदी न्हाणीघरापर्यंतसुद्धा नाही. त्यानंतर जुळणी एक्स-रेत पाहून, विशेष बूट किंवा प्लास्टर घालून हळूहळू वजन. तीन महिन्यांच्या आसपास साध्या बुटात. सूज सहा महिने येत-जात राहते, आणि पाय खरा कसा झाला ते वर्षाने कळतं. म्हणजे कार्तिकात ऑपरेशन झालं तर येत्या हंगामात ते बागेत फिरतील, पेट्या भरतील, हिशेब बघतील. ओझी उचलायला माणूस लावावा लागेल. त्या काळात बिछाना पडवीत किंवा माजघरात, पायऱ्या नसतील तिथे करा. न्हाणीघरात स्टूल आणि कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

कलमावर चढण्याबद्दल तुम्ही विचारलंत, आणि मला माहीत आहे की तुमच्या घरात हाच खरा प्रश्न असेल. माझं उत्तर नाही असं आहे. झाडाला धरून चढताना दोन्ही तळवे आत वळवून खोडाला चिकटवावे लागतात. तळवा आत वळतो तो त्याच सांध्यात, जो आपण बंद करणार. ऑपरेशन न करताही तो सांधा आज झाडावर भरवशाचा नाही. बागायतदाराला हे ऐकणं किती जड जातं ते मी पाहिलं आहे. बाग त्याने स्वतःच्या हाताने वाढवलेली असते. तरीही तुमच्या यजमानांना मी पुन्हा कलमावर पाठवणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आंबे उतरवायचा 'नूतन झेला' जमिनीवर उभं राहून वापरता येतो. जुनी उंच झाडं छाटून आटोक्यात आणण्याची पुनरुज्जीवनाची पद्धतही तिथेच शिकवतात. ऑपरेशनच्या विश्रांतीत त्यांनी त्या कामाचा आराखडा करावा, असं मला मनापासून वाटतं.

पैशांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण काळजी असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन तुमच्या निवडलेल्या रुग्णालयात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशन ठरण्याआधीच विचारा. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातही दुसरं मत घेता येईल. पाऊल आणि घोटा यांचं काम नेहमी करणारा सर्जन असेल तर उत्तम. 'अशा जुन्या टाचा तुम्ही किती सुधारल्या आहेत?' हे विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

जाताना पहिल्या दिवशीचे एक्स-रे, प्लास्टर काढतानाचे एक्स-रे सगळे न्या. आणि त्यांच्या रोजच्या वापरातल्या चपला, दोन्ही पायांच्या, न धुता पिशवीत घालून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी टेबलावर काढून दाखवा.